उंबऱ्याबाहेरचे ऋतू

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आज मला बोलावयास सांगितले तेव्हा माझी मोठी पंचाईत झाली. साताऱ्याच्या या आपल्या मंडळात मी तीस वर्षे काढली, पण ती बहुतेक कोठीत आणि हिशेबाच्या वहीत. हळदीकुंकवाला साखर किती लागेल हे मला तोंडपाठ. व्यासपीठावर उभे राहून काय बोलावे हे मात्र मी कधी शिकले नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही बर्फाच्या मुलखात राहता, तिथे काय पाहिलंत ते घरच्यासारखं सांगा." तेव्हा घरच्यासारखेच सांगते. त्यात माझी फजितीही येईल. ती आपण हसून घ्यावी.

आमचे हे २०१६ साली गेले. त्यानंतर वर्षभर मी येथेच होते. पण एकुलती एक मुलगी परदेशी, आणि तिचा रोज रात्री फोन, "आई, तू जेवलीस का?" शेवटी २०१७ च्या ऑक्टोबरात तिच्याकडे राहावयास गेले. ती असते अमेरिकेतील मिनेसोटा या राज्यात, मिनीआपोलिस शहराच्या कडेला. हे राज्य अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सरहद्दीला लागून आहे. मोटारींच्या पाट्यांवर 'दहा हजार सरोवरे' असे लिहिलेले असते. दहा एकरांहून मोठी सरोवरे मोजली तर ती ११,८४२ भरतात, असे तेथील सरकारी मोजणी सांगते. म्हणजे पाटीवर लिहिले त्याहून पदरात जास्तच!

पण मी गेले तेव्हा मला सरोवरे दिसली नाहीत. मला दिसली ती थंडी. महाबळेश्वरची थंडी म्हणजे थंडी अशी माझी समजूत होती. त्या समजुतीवर मी दोन स्वेटर आणि एक शाल घेऊन गेले होते. नोव्हेंबर सरेपर्यंत झाडांवर पान राहिले नाही. डिसेंबरात तर दुपारी साडेचार-पाचला दिवेलागण. तेथे वर्षातला सर्वांत लहान दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो.

डिसेंबरातच एका सकाळी दारापुढच्या पेटीतून टपाल आणावे म्हणून मी बाहेर पडले. पायांत लोकरी मोजे आणि घरातल्या सपाता. रस्ता कोरडा दिसत होता. पण त्यावर काचेसारखा पातळ बर्फ होता, आणि त्याखालचा काळा रस्ता आरपार दिसत असल्याने तो डोळ्यांना कळत नाही. तिसऱ्या पावलाला मी पालथी. डावे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर.

मुलगी घाबरली. तिने मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावयाची बंदीच केली. "आई, तू काही आणू नकोस, काही करू नकोस, फक्त घरात नीट बस." तिची माया मला समजत होती. पण भगिनींनो, मायेने लावलेली कडीसुद्धा कडीच असते. मुलगी-जावई कामावर, नात शाळेत, आणि मी खिडकीशी. घर उबदार, फळीवर सगळे जिन्नस भरलेले, आणि बोलावयास कोणी नाही. प्रकाशच कमी झाला की पुष्कळांचे मन मलूल होते, असे तेथील डॉक्टर सांगतात. माझेही झाले. मी बोलेनाशी झाले. पोळी कडक झाली तरी मला रडू येई. शेवटी मी मुलीला स्पष्ट सांगितले, "मला परत पाठव." तिने मुकाट्याने एप्रिल अखेरचे तिकीट काढले.

त्या दिवसांत एका संध्याकाळी आठ वर्षांची नात बाहेर बर्फात खेळून आली. गाल लाल झालेले, हातात बर्फाचा गोळा. तो तिने माझ्या मांडीवर ठेवला. मी तिच्यावर ओरडले, "फेकून दे ती घाण! कसला हा मेला मुलूख!" पोरीने गोळा मोरीत टाकला आणि परत येऊन हळूच विचारले, "आजी, तुला इथलं काहीच आवडत नाही का? मी पण इथलीच आहे ना?"

त्या रात्री मला झोप आली नाही. पोर खरेच बोलत होती. ती तेथे जन्मली. तो बर्फ, ती झाडे, ती सरोवरे हे तिचे माहेर. तिच्या माहेराला मी रोज नावे ठेवीत होते. माझ्या सासूबाईंनी माझ्या माहेराला एकदा नावे ठेवली होती, ती मी चाळीस वर्षे विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या आजींकडे गेले. या बाई पंचाहत्तरीच्या, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या नात. एकट्या राहतात आणि रोज सकाळी फिरावयास जातात. माझे इंग्रजी मोडके, पण मी माझे मनगट दाखविले आणि त्यांच्या पायांकडे बोट केले. त्या समजल्या. आतून त्यांनी रबराची एक जाळी आणली. तिला लोखंडी दाते होते. ती बुटांच्या तळाला ताणून बसवायची, म्हणजे बर्फावर पाय धरतो. मग त्यांनी मला चालावयास शिकविले. होय, साठी उलटल्यावर मी पुन्हा चालावयास शिकले! पाऊल लहान टाकावयाचे, गुडघे किंचित वाकवायचे, अंगाचा भार पुढच्या पायावर ठेवावयाचा आणि हात खिशात घालावयाचे नाहीत. कपड्यांचेही त्यांनीच सांगितले. एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ घालावेत. अंगाला सुती नको, कारण घामाने भिजले की ते गार पडते. आत अंगालगत घाम टिपणारे, मध्ये लोकरीचे आणि वर वारा अडविणारे. मुलगी आधी नको-नको म्हणाली. मग मला दारापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन येताना पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले.

मार्च उजाडला. आपल्याकडे उन्हाची काहिली सुरू होते, तेथे अजून गुडघाभर बर्फ. पण शेजारच्या आजी म्हणाल्या, "वसंत आला." मी चहूकडे पाहिले. कोठे आला? त्यांनी मला परसातल्या मेपलच्या झाडाशी नेले. या झाडाच्या पानांचेच चित्र कॅनडाच्या निशाणावर आहे. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी आणि दिवसा ती फुटेल इतके ऊन, असे दिवस लागले की या झाडाच्या खोडात गोड रस फिरू लागतो. चांगल्या जुन्या झाडाला दीड-दोन इंच खोल भोक पाडून त्यात एक तोटी बसवितात आणि खाली बादली टांगतात. झाडाला फारशी इजा होत नाही. भोक पुढे आपोआप भरून येते. टप्‌ टप्‌ टप्‌ असा बादलीत आवाज येतो. त्या गोठलेल्या रानात तो आवाज ऐकून मला नळाला पाणी आल्याची आठवण झाली! रस चाखला तर पाण्यासारखा, किंचित गोड.

मग अंगणात चूल मांडली. वर पसरट भांडे, खाली लाकडे. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा कोठे एक लिटर पाक मिळतो. ओजिब्वे आणि डकोटा हे त्या भूमीचे मूळचे लोक. त्यांनी ही विद्या गोरे लोक येण्याच्या पुष्कळ आधीपासून सांभाळली आणि त्या रसाची साखरही केली. दिवसभर आम्ही दोघी लाकडे सारीत बसलो. संध्याकाळी वाफेला वास सुटला, आणि भगिनींनो, मी एकदम कराडला माझ्या मामांच्या गुऱ्हाळावर जाऊन पोचले! तीच काहील, तीच साय, तोच धूर, तोच गोड वास. आजी उष्णतामापक घेऊन पाक झाला का पाहत होत्या. मी डावातून धार सोडून पाहिली, बोटांत थेंब धरला आणि म्हटले, "थांबा, अजून थोडा." आणि थोड्या वेळाने, "आता उतरवा." त्यांनी मापक घालून पाहिला. बरोबर! त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. त्या परमुलखात आपल्याला काही येते आणि त्याचा कोणाला उपयोग होतो, असे मला पहिल्यांदाच वाटले. त्या पाकातली एक बाटली नातीच्या हाती दिली तेव्हा ती शेजारीपाजारी सांगत सुटली, "माझ्या आजीनं केला!"

त्या एप्रिलच्या मध्याला तेथे मोठे हिमवादळ झाले आणि वसंत पुन्हा बर्फाखाली गेला. ठरल्याप्रमाणे मी अखेरीस साताऱ्याला आले. मंडळाच्या सभेला बसले, लोणची घातली, सगळ्यांना भेटले. पण ऑगस्ट लागताच माझे मन चाळवू लागले. आजींनी बजावले होते, "पाने रंगायच्या आत परत या." मी स्वतः होऊन सप्टेंबरचे तिकीट काढविले. मुलीने बोलाविले म्हणून नव्हे, झाडे पाहावयाची म्हणून.

तेव्हापासून आम्ही दोघींनी एक नेम केला. प्रत्येक ऋतूत निदान एक सहल, नातीला बरोबर घेऊन. त्यातले थोडे सांगते.

सप्टेंबर अखेरीपासून झाडे पिवळी, नारिंगी, लालभडक होतात. मला वाटे पाने वाळतात म्हणून रंग येतो. तसे नाही. दिवस लहान झाले की झाड पानातला हिरवा रंग आवरते घेते. पिवळा आतमध्ये आधीपासूनच असतो, तो उघडा पडतो; लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. याच दिवसांत सफरचंदे तोडावयास जातात. जवळच विद्यापीठाचे १९५८ साली सुरू झालेले मोठे वृक्षोद्यान आहे. त्या विद्यापीठाने थंडीत टिकणारी नवी सफरचंदे तयार केली. त्यातले 'हनीक्रिस्प' १९९१ साली बाजारात आले. चावले की रस हनुवटीवरून ओघळतो. मी त्याचा मुरंबा केला. आजींना तो इतका आवडला की त्यांनी वेलचीचा डबाच विकत आणला.

हिवाळा आता मला वैरी वाटत नाही, पण त्याच्याशी मस्करीही करीत नाही. २०१९ च्या ३० जानेवारीला मिनीआपोलिसला पारा शून्याखाली ३३ अंशांपर्यंत उतरला. त्या दिवशी टपाल वाटपही बंद होते. अशा दिवशी घरातच बसावे आणि पिठले करावे. पण थंडी जरा मवाळ झाली की आम्ही सरोवरावर जातो. सरोवराकाठी नव्हे, सरोवरावर! निदान चार इंच पक्का बर्फ झाल्याची खात्री करून मगच पाऊल टाकतात. पहिल्यांदा माझे पाय लटपटत होते. नातीने माझा हात धरला आणि शाळेत शिकलेले सांगितले, "आजी, पाणी चार अंशांवर सर्वांत जड असतं. ते खाली बसतं आणि बर्फ वर तरंगतो. म्हणून खाली मासे जिवंत राहतात." केवढी ही योजना! बर्फ जर जड असता तर सरोवर तळापासून गोठले असते आणि आत जीव उरला नसता. तेथे एक चिमणीहून लहान पक्षी आहे, चिकडी. डोक्यावर काळी टोपी, वजन दहा-बारा ग्रॅम. पुष्कळ पक्षी दक्षिणेला जातात, हा जात नाही. शरदात दाणे जागोजागी लपवून ठेवतो आणि ते कोठे ठेवले हे लक्षात ठेवतो. रात्री अंगातली उष्णता आपली आपणच उतरवून जळण वाचवितो. मी त्याला 'आमच्या मंडळाची खजिनदार' म्हणते.

उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड. एकदा आम्ही मिसिसिपी नदीच्या उगमाला गेलो. ती इटास्का सरोवरातून निघते. १८३२ साली ओझाविंडिब नावाच्या ओजिब्वे पुढाऱ्याने वाट दाखवून स्कूलक्राफ्ट या गोऱ्या प्रवाशाला तेथे आणले. १८९१ पासून ते राखीव उद्यान आहे. ही नदी तेथून सुमारे २,३४० मैल वाहून समुद्राला मिळते, पण उगमाशी गुडघाभर पाणी. दगडांवर पाय ठेवीत नातीचा हात धरून मी ती महानदी ओलांडली. मला क्षेत्र महाबळेश्वरचे गोमुख आठवले आणि आपली कृष्णा आठवली. पाण्याला हात लावून मी नमस्कार केला. नातीनेही केला. कोणी सांगितले नव्हते.

आणि जूनमध्ये रानात त्या राज्याचे फूल दिसते, गुलाबी-पांढरे, लहानशा सपातेच्या आकाराचे. ते ऑर्किड रुजल्यापासून पहिले फूल यावयास कधी कधी सोळा वर्षे लागतात. १९२५ पासून ते तोडावयास कायद्याने बंदी आहे. आम्ही चिखलातून वाकून ते पाहिले आणि हात न लावता परतलो.

ते फूल पाहताना मात्र माझी मलाच लाज वाटली. कासचे पठार आपल्या साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटर. २०१२ साली ते पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेले. तेथली टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. माझ्या साताऱ्यातल्या चाळीस वर्षांत ती पाच वेळा तरी फुलली असेल. मी एकदाही गेले नव्हते! पाहुणे आले, गणपती आले, पापड वाळवायचे राहिले, अशी कारणे. मागे एका सप्टेंबरात आले तेव्हा आपल्यापैकी दोघींना घेऊन कासला गेले. त्या दोघी समोर बसल्या आहेत. सीतेची आसवे पाहून त्यातली एक अर्धा तास बोललीच नाही. ती साताऱ्यातच जन्मलेली आहे.

मग मी विचार करू लागले. आपल्या आज्या-पणज्या काही सहलीला जात नसत. पण पंचांग त्यांना घराबाहेर काढीत असे. वटपौर्णिमेला वडाखाली, श्रावणात मंगळागौरीच्या पत्रीसाठी रानात, कार्तिकात आवळीभोजनाला आवळीच्या सावलीत, थंडीत शेतावर हुरड्याला. प्रत्येक ऋतूला बाईने उंबरा ओलांडावा अशी ती व्यवस्था होती. आता आपण वडाची फांदी बाजारातून घरी आणतो आणि पत्रीचा पुडा विकत घेतो. झाड घरात आले आणि बाई घरातच राहिली. सोय झाली हे खरे, पण काय गेले ते मला परमुलखात मनगट मोडून घेतल्यावर कळले.

मी तेथे सुखात आहे असे सांगून तुम्हाला फसविणार नाही. आजही संक्रांतीला तिळगुळ द्यावयास दारात कोणी येत नाही तेव्हा घसा दाटतो. पण मी तेथे पाहुणी राहिले नाही. ज्या गावचे चारही ऋतू आपण अंगावर घेतले, ते गाव आपल्याला परके म्हणत नाही. आणि जन्मगावसुद्धा घरात बसून राहणाऱ्याला परके होऊ शकते.

म्हणून आज एक मागणे मागते. या वर्धापनदिनापासून मंडळाने आवळीभोजन पुन्हा सुरू करावे, आणि दर ऋतूला एक सहल ठरवावी. लांब नको, माहुलीचा संगम, अजिंक्यताऱ्याचा पायथा, कास. हिशेबाची वही मी जाण्यापूर्वी आखून देते. आणि पहिल्या सहलीला कोणाला न्यावयाचे तेही सांगते. आपल्यातली एक भगिनी, मंगळागौरीला जिच्या फुगड्यांनी रात्र जागत असे, ती न्हाणीत पडल्यापासून दोन वर्षे उंबऱ्याबाहेर आलेली नाही. मुलगा-सून जिवापाड जपतात. पडतील म्हणून बाहेर सोडीत नाहीत. मी काल तिला भेटून आले. ती खिडकीशी बसली होती. ती खिडकी मला ओळखीची वाटली.

तिच्या घरच्यांशी मी बोलले आहे. ते म्हणाले, कोणी बरोबर असेल तर हरकत नाही. शेजाऱ्यांपैकी कोणी एका दिवसाकरिता मोटार द्यावी. दोघींनी दोन्हीकडून हात धरावा. पाऊल लहान टाकावे, गुडघे किंचित वाकवावेत. ते कसे चालावयाचे हे मी शिकवीन. मला आता येते.